कानाचा दोन मिलिमीटरचा तुकडा पुरतो, तर उंदीर मारायचा कशाला?

कुसळी_गवत

गौताळा, येडशी-रामलिंग घाट, नायगावचं मयूर अभयारण्य आणि यांच्या मधले बालाघाटचे उघडे माळ. या पट्ट्यातल्या शेतउंदीर, जर्बिल, चिचुंदरी असल्या बारीक जनावरांवर कुणी डीएनएचं काम काढलं की प्रस्तावात एक ओळ ठरलेली: दर ठिकाणी इतकी जनावरं मारायची, यकृताचा तुकडा काढायचा, कातडी भरून ठेवायची. प्रश्न मात्र बहुतेक वेळा एवढाच असतो की या माळावरची जनावरं त्या माळावरच्यांशी अजून मिसळतात, का मधल्या उसानं, कालव्यानं आणि चौपदरी रस्त्यानं त्यांची ताटातूट झाली. याला यकृत लागत नाही. कानाच्या पाळीचा दोन मिलिमीटरचा गोल तुकडा पुरतो. माझं मत असं की मारणं हा अपवाद असावा आणि त्या अपवादाचं कारण प्रस्तावात लेखी असावं.

चर्चा हवेत होऊ नये म्हणून पद्धत आधीच मांडतो.

सापळा शेरमनचा, ॲल्युमिनियमचा घडीचा, साधारण ८ × ९ × २३ सेंमी. पाच रांगा, रांगेत पाच, दोन सापळ्यांत १० मीटर. आमिष म्हणून शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि ज्वारीची भरड, चिंचोक्याएवढी गोळी. कूट तेल सुटेपर्यंत कुटायचा नाही. तेलकट वासावर मुंग्या रांग लावतात आणि डब्यात अडकलेल्या जनावराला पळायला जागा नसते. मुंग्यांचं वारूळ दिसलं तर सापळा दोन-तीन मीटर सरकवायचा. मुंग्यांची पावडर अजिबात टाकायची नाही, ती थेट जनावराच्या केसांत आणि तिथून चाटून पोटात जाते. आत मूठभर कापूस आणि गाजराचा किंवा काकडीचा तुकडा. सापळे दिवेलागणीला उघडायचे, पहिली फेरी रात्री दहा-अकराला, दुसरी फटफटायच्या सुमारास, मग दिवसभर बंद. एप्रिल-मेमध्ये ऊन चढल्यावर तासाभरात तो डबा तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायपट्टीखाली जाऊन सापळा मिटतच नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ.

जनावर सापळ्यातून कापडी पिशवीत उतरवायचं. ते कोपऱ्यात दबलं की बाहेरूनच मानगुटीची सैल कातडी चिमटीत धरायची आणि एक कान बाहेर काढायचा. जर्बिलला शेपटीनं उचलायचं नाही. शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते आणि उघडं पडलेलं टोक पुढे वाळून गळतं. कान उजेडासमोर धरला की शिरा दिसतात. त्या चुकवून पाळीच्या मधल्या भागात गोल भोक पाडायचा पंच टेकवायचा, मागून प्लॅस्टिकच्या पट्टीचा आधार, एक पीळ, झालं. कापसानं तीस सेकंद दाब. रक्त थांबलं नाही तर तुरटीची पूड. पिशवीत आल्यापासून सुटेपर्यंत तीन मिनिटं. पाचच्या पुढं जायला लागलं तर नमुना राहू द्या, जनावर सोडा.

दोन जनावरांच्या मधे पंच स्पिरिटनं पुसायचा. तुकडा लगेच शुद्ध इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी. कानाचं भोक सहसा बुजत नाही, त्यामुळे तेच जनावर परत आलं तर ओळखू येतं. एका कामात दुसरं काम.

कवटी_आणि_दात

पंच कसा मारायचा यावर माझा वाद नाही. वाद "यकृत लागत नाही" या वाक्याच्या आधी जे गृहीत धरले आहे त्यावर आहे. हातात असलेला उंदीर कोणता, हे तुम्हाला माहीत आहे असे तुम्ही धरून चालला आहात.

जर्बिल ओळखू येतो. लांब झुपकेदार शेपूट, वरच्या पटाशीच्या दातांवर खाच. गोलुंडा या झुडपातल्या उंदराच्याही पटाशीवर खाच असते, पण त्याचे रूप वेगळे. मऊ केसांच्या शेतउंदराच्या, म्हणजे मिलार्डियाच्या, मागच्या तळव्यावर सहाऐवजी चार-पाचच गाद्या असतात. इथपर्यंत जिवंत जनावरावर काम भागते.

आता मुस, म्हणजे छोट्या उंदरांच्या वंशाकडे या. मुस बूडुगा आणि मुस टेरिकलर ही दोन्ही बोटभर उंदरे, वर करडी-तपकिरी, खाली पांढरी, वजन दहा ग्रॅमच्या आगेमागे. दोघांचीही गुणसूत्रे ४०. फरक गुणसूत्रांच्या घडणीत आहे. टेरिकलरच्या काही गुणसूत्रांना हेटरोक्रोमॅटिनच्या, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या डीएनएच्या, आखूड भुजा असतात. तो पाहायचा तर जनावराला कोल्चिसीन द्यायचे, काही वेळाने मारून मांडीच्या हाडातला मगज काढायचा, ०.५६ टक्के पोटॅशियम क्लोराईडमध्ये वीसेक मिनिटे फुगवायचा आणि तीन भाग मिथेनॉल, एक भाग असेटिक आम्लात बसवायचा. काटेरी केसांचा मुस प्लॅटिथ्रिक्स आणि त्याचा भाऊबंद सॅक्सिकोला यांच्यात निवाडा करायचा तर टाळूवरच्या छिद्रांची लांबी आणि दाढांची रांग मोजावी लागते. जिवंत उंदराच्या तोंडात कॅलिपर घालून हे होत नाही.

नमुना जपलेला नसेल तर तुम्ही वाचलेल्या डीएनएच्या अनुक्रमावर जे नाव चिकटेल ते कायमचे. सार्वजनिक डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाचे अनुक्रम आहेतच. पुढचा माणूस आपला अनुक्रम त्यांच्याशी जुळवतो, तेच नाव उचलतो, आणि एक चूक दहा ठिकाणी नांदते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची सस्तन प्राण्यांची पाहणी १९११ मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला अहवाल आपल्या शेजारच्या खानदेशाचा होता. त्या काळच्या कातड्या आजही खण उघडून तपासता येतात, पायाच्या गादीचा कण काढून त्यातून डीएनए मिळवता येतो. मोबाईलमधल्या फोटोतून शंभर वर्षांनी काय मिळणार आहे?

मागणी मोठी नाही. दर ठिकाणी, दर जातीचा एक नर, एक मादी. कवटी, कातडी, ऊती, सगळे एका क्रमांकाखाली, पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात.

हरभरा_आणि_घूस

तुमचं दोघांचंही ऐकून हसू आलं, माफ करा. त्याच तालुक्यात रब्बीला शेतकरी ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड असं कालवून बिळाबिळात टाकतो. पुढं ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आहेतच. एका गावात एका हंगामात किती उंदीर मरत असतील याचा हिशोब कुणी ठेवतो का? आणि इथं दोन उंदरांवरून पानभर वाद. कवटीवाल्या सरांना नमुने पाहिजेत ना, मग धुऱ्यावर या. शेतकरी पोतं भरून देईल की ओ.

कवटी_आणि_दात

पोते घेऊन उपयोग नाही. झिंक फॉस्फाईड खाल्लेला उंदीर बहुतेक बिळात मरतो. वर पडलेला सापडेपर्यंत निम्मा दिवस गेलेला असतो. मार्चच्या उन्हात तेवढ्या वेळात पोट फुगते, ऊती सडते, डीएनएचे तुकडे पडतात. शिवाय पोट उघडले की आत साठलेला फॉस्फिन वायू बाहेर येतो. तो विषारी आहे, बंद खोलीत हा उद्योग कुणी करू नये. तिसरे, शेतात मरते ती बहुतेक घूस आणि मिलार्डिया. इथे प्रश्न माळावरच्या मुसचा आहे, तो तुमच्या पोत्यात कमी असणार.

हरभरा_आणि_घूस

विष सोडा मग. हरभरा काढल्यावर बिळं खणतात, ऊस तोडताना शेवटच्या सरीत उंदीर धावतात, तिथं काठीनं मारलेले ताजे मिळतात. दहा मिनिटांत कान कापला तर डीएनए चांगलाच निघेल. सगळी जात मिळणार नाही हे मान्य, पण मिलार्डिया आणि घुशीसाठी तरी एकही जनावर जास्तीचं मारायची गरज नाही, हे तरी प्रस्तावात लिहा.

नळी_आणि_बर्फ

प्रयोगशाळेच्या टेबलाकडून चार गोष्टी. मूळ धाग्यातल्या दोन बाबी चुकीच्या आहेत.

पहिली, पंच स्पिरिटनं पुसायचा ही. स्पिरिटनं जंतू मरतात, डीएनए जात नाही. उलट तो धातूवर घट्ट बसतो. मग सहा नंबरच्या उंदराच्या नळीत पाच नंबरचा उंदीर निघतो आणि तो संकर आहे की घाण, हे कुणालाच सांगता येत नाही. घरगुती ब्लीच एकास नऊ पाण्यात, पंच त्यात दहा मिनिटं, मग दोनदा स्वच्छ पाण्यात खळखळून, मग कोरडा. पाण्यात धुणं चुकवायचं नाही. उरलेलं ब्लीच पुढच्या कानाला झोंबतं आणि पुढच्या तुकड्यातला डीएनएही खातं. एक पंच दहा मिनिटं बुडालेला म्हणजे चार पंच फिरवावे लागतात. ब्लीचनं पोलाद गंजतं, धार जाते. धार गेलेला पंच कान कापत नाही, चेंगरतो. हंगामाच्या खर्चात पंच जास्तीचे धरा.

दुसरी, इथेनॉल. शुद्ध इथेनॉल उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीशिवाय मिळत नाही. परवाना वेळेत आला नाही की लोक औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणतात किंवा रंगाच्या दुकानातून डिनेचर्ड. त्यात काय काय मिसळलेलं असतं त्याचा भरवसा नाही. फॉर्मालिन तर चुकूनही नको, ते डीएनए आणि प्रथिनांची गाठ मारून टाकतं. इथेनॉल वापरलंच तर कुपी आतून रबरी कडीची, फिरकीच्या झाकणाची. साध्या दाबाच्या झाकणातून बेचाळीस अंशांत आठवड्यात निम्मं उडतं. तुकड्यात पाणी असतं, म्हणून एका दिवसानं बदलायचं. नांदेडहून हैदराबादच्या लॅकोन्स या वन्यजीवांच्या डीएनए प्रयोगशाळेकडे किंवा कुठंही नमुने पाठवायचे तर भरलेल्या कुप्या ज्वलनशील म्हणून कुरिअरवाले घेत नाहीत. इथेनॉल ओतून ओलसर तुकडा तसाच पाठवतात, पोचल्यावर ताजं भरतात.

त्यापेक्षा मिठाचं द्रावण बरं. २० टक्के डीएमएसओ, ०.२५ मोलर ईडीटीए, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत, पीएच ८. परवाना नको, पेट घेत नाही, उन्हात महिने टिकतं. तळाशी मिठाचे खडे दिसले पाहिजेत, नसतील तर मीठ कमी पडलं. ईडीटीए पीएच वाढवल्याशिवाय विरघळत नाही, तेव्हा आधी सोडियम हायड्रॉक्साईड, मग बाकीचं. क्रम उलटा केला की दिवसभर ढवळत बसायचं.

तिसरी गोष्ट, विष्ठेवर आणि केसांवर कुणी बोललंच नाही. सापळ्यातल्या आठ-दहा लेंड्या सिलिका जेलमध्ये वाळवल्या की जात कळते, कानाला हातही लावावा लागत नाही. काय खाल्लं तेही कळतं. पण तो डीएनए थोडा आणि फाटका असतो, बाकी सगळा जिवाणूंचा आणि गवताचा. आईकडची आणि बापाकडची अशा दोन प्रतींपैकी एकच वाचली जाते आणि जनावर उगीच एकरूप दिसतं. म्हणून एकेक नमुना तीन-चारदा चालवावा लागतो आणि वाचलेले पैसे तिथं जातात. सापळा आधीच्या रात्रीनंतर धुतला नसेल तर लेंडी कुणाची हाही प्रश्न. केस उपटायचे तर ढुंगणावरचे पंधरा-वीस, मुळासकट, कागदी पाकिटात. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते. मूळ नसलेल्या केसात जवळपास फक्त मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए.

चौथी. सायटोक्रोम-बी ११४० अक्षरं, बारकोडचा सीओआय ६५८. ही दोन्ही मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे फक्त आईची बाजू. शिवाय उंदरांत त्यांच्या जुन्या नकला केंद्रकात पडलेल्या असतात आणि चुकून त्याच वाचल्या जातात. मधेच थांबा दाखवणारा कोडॉन दिसला तर समजायचं. माळ तुटले की जुळले हे बघायचं तर केंद्रकातले हजारो स्निप, म्हणजे डीएनएतले एकेका अक्षराचे फरक, लागतात, त्याला कानाचा तुकडा चांगला. तेवढ्यापुरतं मूळ मत बरोबर आहे.

जनावरांचा_डॉक्टर

"न मारता" हा शब्द फसवा आहे. सापळा स्वतः मारतो. फरक इतकाच की ते मरण प्रस्तावात मोजलेलं नसतं.

चिचुंदरी घ्या. तिला थोड्या थोड्या वेळानं खायला लागतं. मोठी चिचुंदरी तरी तग धरते, तिच्याच सुंकस वंशातली एक छोटी जात तर दोनेक ग्रॅमची आहे. संध्याकाळी सातला अडकलेली पहाटे सहाला बघितली तर ती मेलेलीच असणार. रात्री एक फेरी पुरत नाही, दर दोन-अडीच तासांनी हवी, आणि सापळ्यात भरडीबरोबर अळ्या किंवा सुकटीचा चुरा. दोन ग्रॅमच्या जनावरानं शेरमनची पट्टी दबतही नाही. तिच्यासाठी जमिनीत बादली पुरतात, तर बादलीला खाली भोकं नसली की अवकाळी पावसाच्या एका सरीत सगळी बुडतात.

डिसेंबरात माळावर पारा दहाच्या खाली उतरतो. धातूचा डबा, कापूस नाही, पहाटेची वेळ. जनावर मिटल्या डोळ्यांनी गोळा होऊन बसलेलं असतं. लोक त्याला "शांत" म्हणतात आणि कान टोचतात. ते शांत नाही, गारठलेलं आहे. आधी कापडात गुंडाळून अंगाशी ऊब द्यायची, साखरपाण्याचा थेंब ओठाला लावायचा, चालायला लागलं की नमुना न घेता सोडायचं.

दूध पाजणारी मादी रात्रभर अडकली तर बिळातली पिल्लं जातात. ती कुणाच्याच आकड्यात येत नाहीत. पोटावरचे केस झडून थानं उघडी दिसली की तिथल्या तिथं सोडा.

शेपटीचं टोक कापणारे लोक अजून आहेत. टोकात हाड असतं, तिथं सुन्न केल्याशिवाय कापू नये. कानाला ते लागत नाही, म्हणून कानच. बोट छाटून खूण करायची जुनी चाल तर बंदच व्हावी. रक्ताचं कुणी बोललं नाही पण बोलतील. दहा ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून पाऊण मिलिलिटरच्या आसपास रक्त, त्यातलं दहावा हिस्सा ही कमाल मर्यादा. म्हणजे दीड-दोन थेंब.

सापळ्यातले मृत्यू शंभर पकडींमागे किती, हे जाहीर करण्याची अट घाला. मग ठरवू कोण मारतं आणि कोण नाही.

कुसळी_गवत

डॉक्टर, अट मान्य. पंचाच्या बाबतीत नळीताई बरोबर आहेत, स्पिरिटचं वाक्य मागं घेतो.

कवटी सर, तुमच्या मागणीचा हिशोब करू. समजा १०० सापळे-रात्रींमागे (एक सापळा एक रात्र म्हणजे एक) ५ जनावरं येतात. ती पाच जातींत वाटली तर एका जातीची १० मिळवायला १००० सापळे-रात्री, म्हणजे १०० सापळे दहा रात्री. पूर्वी मायक्रोसॅटेलाइटवर, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवर, काम चालायचं तेव्हा दर ठिकाणी २५-३० लागत, आता स्निपवर ८-१० सुद्धा चालतात. अट एवढीच की ती सख्खी भावंडं नसावीत. एका बिळाच्या तोंडाशी चार सापळे लावून पाच पिल्लं धरली तर तो एकच नमुना पाचदा मोजल्यासारखा. आता या दहातली दोन तुम्ही ठेवून घेणार. सहा ठिकाणं आणि पाच जाती म्हणजे साठ जनावरं. "एक नर, एक मादी" ऐकायला किरकोळ, बेरीज केल्यावर नाही.

आणि त्यातले बरेच नमुने न मारताही मिळतात. सापळ्यात दगावलेलं प्रत्येक जनावर हा तुमचा नमुना, फेकून द्यायचा नाही. धुऱ्यावर मारलेली मिलार्डिया आणि घूस, वर आलंच आहे. आणि गव्हाणी घुबड. जुने वाडे, बुरूज, पडक्या देवळांचे गाभारे, जिथं जोडी बसते तिथं खाली ओकलेल्या गोळ्यांचा सडा असतो. एकेका गोळीत दोन-चार कवट्या, जबडे दातांसकट. कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं केस सोडवायचे, दाढा मोजायच्या. गोळी ताजी, वरून काळी चकचकीत असेल तर हाडातून डीएनएही निघतो. गुणसूत्रांचं म्हणाल तर कानाच्याच तुकड्यातल्या पेशी वाढवून ती बघता येतात, मगज लागत नाही.

कवटी_आणि_दात

सापळ्यात मेलेले चालतील. फक्त सकाळी आठच्या आत थंडपेटीत आणि दुपारच्या आत कातडी निघाली पाहिजे, नाहीतर केस गळतात.

घुबडाची गोळी मात्र पुरावा म्हणून कच्ची आहे. त्या जबड्याला कातडी नाही, लिंग माहीत नाही, तारीख माहीत नाही. घुबड रात्री दोन-तीन किलोमीटर सहज फिरते, म्हणजे तो उंदीर माळावरचा की सोयाबीनमधला हेही सांगता येत नाही. तुमचा सगळा प्रश्न "या माळावरचा की त्या माळावरचा" हाच आहे ना? एका गोळीतली हाडे एकमेकांना चिकटून पोटातल्या आम्लात मुरलेली असतात, एकाचा डीएनए दुसऱ्याला लागतो. गावात कोणत्या जाती आहेत याची यादी करायला गोळ्या उत्तम. त्यापुढे नाही.

पेशी वाढवणेही कागदावर सोपे दिसते. कान म्हणजे मातीत रोज घासला जाणारा अवयव. तो तुकडा प्रतिजैविक आणि बुरशीनाशक घातलेल्या माध्यमात, गार ठेवून, दोन-तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. पाटोद्याच्या माळावरून एसटीने, बर्फ वितळलेल्या थर्मासमधून आलेल्या दहा तुकड्यांपैकी किती बुरशीशिवाय उगवतील?

नळी_आणि_बर्फ

थोडे उगवतील. पण उगवलेला एकही पुरे असतो, एका ठिकाणचं एका जातीचं गुणसूत्र बघायला दहा कशाला पाहिजेत? कानाला ७० टक्के अल्कोहोलचा बोळा दोनदा फिरवला आणि तुकडा कुपीत टाकण्याआधी प्रतिजैविकाच्या द्रावणातून तीनदा काढला तर बुरशी बरीच कमी होते. अल्कोहोल वाळू द्यायचं, ओल्यावर पंच मारला तर पेशी मरतात. आणि गार म्हणजे गोठवायचं नाही. लोक बर्फाला थेट चिकटवतात, मग काहीच उगवत नाही आणि दोष पद्धतीला.

धुरा_बांध

एक सरळ शंका. उंदीर कायद्यानं पीडक प्राणी ना? मग परवानग्यांचा एवढा घोळ कशाला, मारा नाहीतर सोडा.

कुसळी_गवत

वन्यजीव संरक्षण कायद्यातली पीडक प्राण्यांची ती जुनी पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत गेली, दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता पीडक ठरवायचं तर केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढावी लागते. अनुसूचीतल्या जनावराच्या बाबतीत कायद्यातली "शिकार" म्हणजे फक्त मारणं नाही, सापळ्यात धरणं आणि अंगाचा भाग काढणं हेही तिच्यात येतं. म्हणजे कानाला पंच मारणं ही कायद्याच्या भाषेत शिकारच. त्यासाठी कलम १२ खाली परवाना आणि अभयारण्यात पाय ठेवायला कलम २८ खाली वेगळा. शेरमनमध्ये काय शिरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून अर्जात फक्त "उंदीर" लिहून भागत नाही. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता आणखी निराळी. नमुने परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायदा, २००२ आडवा येतो. घोळ आहे, पण चुकवता येत नाही.

हरभरा_आणि_घूस

एक मुद्दा राहिला, आणि तो मराठवाड्यात तरी विसरून चालणार नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून प्लेगची बातमी आली. आधी घरात उंदीर पडायला लागले, पिसवा सुटल्या. जर्बिल हा प्लेगचा रानातला साठा मानतात. आता जनावर हातात आहेच तर रोगाची तपासणी नको? त्याला प्लीहा लागते, आणि प्लीहा जिवंत उंदराची काढता येत नाही. इथं मारण्याला कारण आहे.

जनावरांचा_डॉक्टर

गावात उंदीर पडायला लागले तर कारण आहे, तिथं पडलेलेच उंदीर तपासतात. एरवीच्या पाहणीला नाही. जर्बिल शंभर ग्रॅमच्या वरचं जनावर, त्याचे दोन थेंब गाळणकागदाच्या पट्टीवर घेऊन वाळवले की प्रतिपिंडं तपासता येतात. पांढऱ्या एनामलच्या थाळीवर जनावर धरून जुन्या टूथब्रशनं केस उलटे विंचरले की पिसवा खाली पडतात, थाळीत बोटभर पाणी ठेवा म्हणजे उड्या मारून जात नाहीत. पिसवांत प्लेगचे जंतू थेट शोधता येतात.

मात्र हे सगळं करणाऱ्यांनी एवढं पाळा. पिशवी वाऱ्याकडे पाठ करून उघडायची, मास्क एन-९५, हातमोजे दुहेरी, पँटची टोकं मोज्यात. सापळ्यातल्या मुतातून लेप्टोस्पायरा हा रोगजंतू अंगात जातो, हाताला भेग असेल तर आणखी सोपं. वापरलेले सापळे ब्लीचच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायचे, नाहीतर घरच्या ओट्याखाली ठेवलेले सापळे रोग घरात आणतात.

कवटी_आणि_दात

बरे. मग असे करा. जर्बिल, गोलुंडा, मिलार्डिया यांचा एकही नमुना मी मागत नाही, मोजमापे आणि तळव्याचा, दातांचा फोटो पट्टीसकट ठेवा. मृत सापडतील ते द्या. चिचुंदरीबद्दल डॉक्टर म्हणतात तसेच असेल तर तिचे नमुने आपोआपच मिळतील, हे वाईट असले तरी खरे आहे. राहता राहिला मुस. तिथे पूर्ण पट्ट्यात मिळून, दर ठिकाणी नव्हे, चार जनावरे. ती पण सापळ्यांच्या रांगांच्या जाळीबाहेरून, शेवटच्या रात्री, गाभण नसलेली.

कुसळी_गवत

चारावरही लगेच हो म्हणणार नाही. आधी सगळ्यांचे कान वाचू. अनुक्रम एकाच गटात बसले तर मारायचं कारणच उरत नाही. दोन गट पडले तर त्या दोन गटांच्या माळांवर परत जाऊन एकेक घ्या.

कवटी_आणि_दात

अनुक्रम एकाच गटात बसले म्हणजे जात एक, हे उंदरांच्या बाबतीत धरून चालता येत नाही. पण ठीक. तोपर्यंत तुमच्या यादीत "मुस बूडुगा" लिहू नका. "मुस, जात अनिश्चित" असे लिहा.

कुसळी_गवत

लिहितो. अनिश्चित म्हणून सोडलेला उंदीर पुढच्या हिवाळ्यात परत सापळ्यात आला की बघू.

कवटी_आणि_दात

पुढच्या हिवाळ्यात? मुस रानात वर्षभर जगला तर खूप झाले.

नळी_आणि_बर्फ

तो नाही, त्याची पिल्लं येतील. तोवर कुप्यांवर मार्करनं नंबर टाकू नका. इथेनॉलचा एक थेंब झाकणावरून ओघळला की शाई जाते, आणि मग चाळीस कुप्या सगळ्याच "जात अनिश्चित". जाड कागदाचा कपटा, पेन्सिलीनं लिहिलेला, कुपीच्या आत.